प्रवाशांनी भरलेले विमानतळ शुल्क ही विमान कंपनीची मिळकत नव्हे : नागरी विमान वाहतूक मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली
आणि
मा. अध्यक्ष, विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : विमान कंपन्यांमार्फत वसूल होणारी विमानतळ शुल्के विश्वस्त निधी म्हणून वेगळी ठेवण्याबाबत

महोदय,

विमानाचे तिकीट काढताना प्रवासी एकच रक्कम भरतो, पण त्या रकमेत दोन जातींचे पैसे असतात. मूळ भाडे, इंधन अधिभार, आवडीच्या आसनाचे शुल्क हे पैसे विमान कंपनीचे. उरलेले पैसे कंपनीने दुसऱ्या कुणासाठी तरी गोळा केलेले असतात : विमानतळाच्या चालकासाठी वापरकर्ता विकास शुल्क, ज्याला सगळेजण यूडीएफ म्हणतात, सुरक्षा व्यवस्थेसाठी विमान सुरक्षा शुल्क, आणि सरकारसाठी जीएसटी. ही शुल्के किती असावीत हा वाद मोठा आहे आणि आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एरा’च्या, प्रत्येक दरनिश्चितीच्या वेळी तो नव्याने होतो. माझे म्हणणे त्या वादाच्या अलीकडचे आहे. प्रवाशाने भरल्यापासून विमानतळाच्या खात्यात पोहोचेपर्यंत हे पैसे कुणाच्या मालकीचे असतात, या प्रश्नाला आपले नियम एका सुरात उत्तर देत नाहीत. कंपनी सुरळीत चालू असते तोवर त्याने कुणाचे बिघडत नाही. ती बुडाली किंवा प्रवासी विमानात बसलाच नाही, की मात्र या मोघमपणाची किंमत विमानतळाला आणि प्रवाशाला मोजावी लागते.

रकमा आता किरकोळ राहिलेल्या नाहीत. विमान सुरक्षा शुल्क जुलै 2019 मध्ये देशांतर्गत प्रवाशामागे 150 रुपये होते. एप्रिल 2021 पासून ते 200 रुपये झाले आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशासाठी 12 डॉलर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर मे 2025 पासून देशांतर्गत विमानाने निघणाऱ्याकडून 175 रुपये आणि उतरणाऱ्याकडून 75 रुपये यूडीएफ घेण्यास एराने मान्यता दिली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. तिथल्या सुरुवातीच्या तात्पुरत्या दरपत्रकात निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशावर 620 रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशावर 1,225 रुपये यूडीएफ ठरले, तर उतरणाऱ्यांवर अनुक्रमे 270 आणि 525 रुपये. चौघांचे कुटुंब नवी मुंबईहून निघाले, तर नुसत्या निघण्यापोटी यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क मिळून 3,280 रुपये होतात. त्यावरचा कर वेगळा, आणि पलीकडच्या विमानतळावर उतरण्याचे शुल्क असेल तर तेही वेगळे. हे सगळे पैसे विमान कंपनीच्या खात्यात जमा होतात, आणि तिकीट तीन महिने आधी काढलेले असेल तर तीन महिने तिथेच राहतात.

ते पुढे कसे जातात हेही पाहण्यासारखे आहे. किती प्रवासी प्रत्यक्ष गेले-आले त्या संख्येवर विमानतळाचा चालक कंपनीला देयक पाठवतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवत असलेल्या विमानतळांसाठी एराने मंजूर केलेली दरपत्रके वाचली, तर त्यांत साधारण एकच तरतूद पुन्हा पुन्हा आढळते : देयक मिळाल्यापासून 15 दिवसांत कंपनीने पूर्ण रक्कम भरली, तर तिला निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे 5 रुपये वसुलीखर्च मिळेल; उशीर झाला, रक्कम अर्धवट भरली किंवा प्राधिकरणाची अन्य कुठली थकबाकी असली, तर हे पाच रुपये मिळणार नाहीत. म्हणजे कंपनी वसुली करते, वसुलीचा मोबदला घेते आणि मूळ रक्कम मालकाला पोहोचती करते. व्यवहारात यालाच आपण अडत्या म्हणतो, आणि अडत्याने शेतकऱ्याच्या मालाची पट्टी स्वतःच्या धंद्यात फिरवली तर त्याला कुणी व्यवहारचातुर्य म्हणत नाही.

ही माझ्या पदरची व्याख्या नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 11 ऑक्टोबर 2019 रोजी परिपत्रक क्रमांक 115/34/2019 काढून विमानतळ शुल्कांवरील जीएसटीचा खुलासा केला आहे. त्यानुसार प्रवासी सेवा शुल्क (प्रवाशांच्या सोयी व सुरक्षेपोटी घेतले जाणारे शुल्क) आणि यूडीएफ ही विमानतळचालकाने प्रवाशाला दिलेल्या सेवेची किंमत आहे, त्यावरचा कर विमानतळचालकाने भरायचा आहे, आणि विमान कंपनी या व्यवहारात ‘प्युअर एजंट’ म्हणून, निव्वळ अभिकर्ता म्हणून, काम करत असल्याने ती ही रक्कम स्वतःच्या सेवेच्या मूल्यातून वगळू शकते. कंपनीने करपात्र धरायचा तो फक्त तिच्या हाती राहणारा वसुलीखर्च. करापुरते सरकारचे मत इतके स्वच्छ आहे : हे पैसे कंपनीचे नाहीत. कंपन्यांनीही या खुलाशाचा लाभ घेतला आहे. मग कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तेच पैसे तिच्या इतर रोकडीत विरघळून जातात आणि विमानतळ धनकोंच्या रांगेत उभा राहतो, हे कुठल्या तर्काने?

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजची थांबली. त्या कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करण्याचा, आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. मे 2023 च्या सुरुवातीला गो फर्स्ट स्वतःहून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेली, 10 मे रोजी तिचा अर्ज दाखल करून घेतला गेला, आणि जानेवारी 2025 मध्ये तिच्याही अवसायनाचा आदेश झाला. एका तपापेक्षा थोड्या अधिक काळात तीन मोठ्या कंपन्या. यांपैकी जेट मुंबईची होती आणि गो फर्स्टचेही मुख्य कार्यालय मुंबईतच, त्यामुळे यांत अडकलेल्या प्रवाशांत आणि कर्मचाऱ्यांत मराठी घरांतील माणसे किती असतील हे सांगायला नको.

अशा वेळी नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 ची यंत्रणा सुरू होते. कलम 14 नुसार वसुलीला स्थगिती मिळते. विमानतळाची थकबाकी, तीत प्रवाशांनी भरलेले यूडीएफही आले, परिचालन धनकोचा, म्हणजे माल किंवा सेवा पुरवून पैसे येणे असलेल्याचा, दावा म्हणून नोंदवली जाते, आणि कलम 53 मधील अग्रक्रमात तारण असलेल्या बँका अशा धनकोंच्या बऱ्याच पुढे असतात. परिणाम असा, की पुण्याच्या एखाद्या शिक्षिकेने लोहगाव विमानतळासाठी म्हणून भरलेले शुल्क कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वसुलीला हातभार लावते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा याहून शुद्ध नमुना मला माहीत नाही.

त्याच संहितेत यावर उतारा आहे, म्हणूनच हे पत्र लिहिण्यात अर्थ वाटतो. कलम 36(4) सांगते, की तिसऱ्या पक्षाच्या मालकीची आणि कंपनीकडे विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता अवसायन मालमत्तेत धरायची नाही. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची, निवृत्तिवेतनाची आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) देणीही त्याच कलमाने बाहेर ठेवली आहेत. यूडीएफला हे संरक्षण मिळण्यात अडचण आहे ती नियमांच्या मौनाची. कुठल्याही नियमाने या रकमेला स्पष्ट शब्दांत विश्वस्त निधी म्हटले नसेल, ती वेगळ्या खात्यात नसेल आणि भाड्याच्या पैशांत मिसळून गेली असेल, तर अवसायकासमोर ‘यांतले अमुक रुपये आमचे’ असे दाखवणे विमानतळाला जवळजवळ अशक्य होते. हिशेबतपासणीच्या व्यवसायात आयुष्य घालवल्यावर मला एवढे नक्की समजले आहे, की एकदा मिसळलेले पैसे नंतर कागदावर वेगळे करता येत नाहीत; ते आधीच वेगळे ठेवावे लागतात.

दुसऱ्याच्या वतीने गोळा केलेल्या पैशांबाबत आपला कायदा इतरत्र किती कडक आहे, ते या संदर्भात आठवावे. पगारातून आयकर कापून सरकारजमा न करणाऱ्या मालकावर फौजदारी खटला होतो. कामगाराच्या वेतनातून कापलेला भविष्य निर्वाह निधी न भरणे हा गुन्हेगारी विश्वासघात मानला जातो. ग्राहकाकडून जीएसटी घेऊन तीन महिन्यांनंतरही सरकारला न देणे हा केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 132 खाली अपराध आहे. किराणा दुकानदाराला लागू असलेला हा दंडक शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या विमान कंपनीला विमानतळ शुल्काबाबत लागू नाही. तिथे उशिराची झळ काय, तर पाच रुपयांचा वसुलीखर्च बुडणे, व्याज, आणि फारच थकले तर ‘रोख भरा आणि उडा’ हा उपाय. तो शेवटचा उपायही दुबळा आहे, कारण जी कंपनी आधीच डळमळते आहे तिला रोखीवर आणले तर ती अधिक लवकर पडते, हे विमानतळालाही ठाऊक असते. म्हणून तो हात आखडता घेतो आणि तोवर थकबाकी फुगते.

मंत्रालयाला विश्वस्त खात्याची कल्पना नवी नाही. प्रवासी सेवा शुल्काचा 130 रुपयांचा सुरक्षा घटक जेव्हा विमानतळचालकांच्या हाती येत असे, तेव्हा तो स्वतंत्र एस्क्रो खात्यात, विश्वस्ताच्या नात्याने ठेवावा आणि ठरलेल्या सुरक्षा खर्चापलीकडे त्याला हात लावू नये, अशी कार्यपद्धती मंत्रालयानेच 2009 मध्ये घालून दिली होती. पुढे 2019 मध्ये विमान सुरक्षा शुल्क आले आणि त्यासाठी राष्ट्रीय विमान सुरक्षा शुल्क न्यास निर्माण झाला. म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला न्यास आहे, मधल्या टप्प्यावर कधीकाळी एस्क्रो होते, आणि जिथे पैसे प्रथम येतात व सर्वांत जास्त काळ थांबतात त्या पहिल्या टोकाला काहीच नाही.

अमेरिकेतील व्यवस्था या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. तिथल्या प्रवासी सुविधा शुल्काला 1990 च्या कायद्याने मान्यता मिळाली. आज ते एका उड्डाणामागे जास्तीत जास्त साडेचार डॉलर आहे. संघीय नियमावलीच्या भाग 158 नुसार विमान कंपनी हे पैसे विमानतळाच्या वतीने विश्वस्त म्हणून धरते आणि त्यांत तिचा स्वतःचा मालकीहक्क निर्माण होत नाही. ज्या महिन्यात तिकीट विकले त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ते विमानतळाला पाठवावे लागतात, प्रवास सहा महिन्यांनी असला तरी. तिकीट रद्द झाले तर पुढच्या भरण्यातून वळते करून घेता येते. कंपनीला दर शुल्कामागे 11 सेंट ठेवता येतात आणि पैसे हाती असेपर्यंतचे व्याजही. लागोपाठ कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा 2003 मध्ये संसदेने आणखी एक तरतूद जोडली : दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली असलेल्या कंपनीने हे शुल्क वेगळ्या खात्यात ठेवलेच पाहिजे आणि ते कुठल्याही कर्जासाठी तारण देता येणार नाही. तिथल्या कंपन्या या नियमांनी बुडाल्या नाहीत. त्या ज्या कारणांनी बुडायच्या त्या कारणांनीच बुडाल्या, फक्त जाताना विमानतळाचे पैसे बरोबर घेऊन गेल्या नाहीत.

आपल्याकडे कंपन्या खेळत्या भांडवलाचा मुद्दा काढतील. इंधन महाग, विमानांची भाडी डॉलरमध्ये, नफा कागदासारखा पातळ, आणि त्यात आगाऊ तिकिटांची रोकडही बांधून ठेवली तर कंपनी चालवायची कशी, असे विचारले जाईल. ही अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पण आगाऊ विक्रीतील भाड्याची रक्कम वापरायला कुणी अडवलेले नाही. प्रश्न फक्त त्या भागाचा आहे जो करखात्यासमोर कंपनी स्वतःच ‘आमचा नाही’ म्हणून सांगते. कंपनीला भांडवल हवे असेल तर तिने ते बँकेकडून, भागधारकांकडून घ्यावे; प्रवाशाकडून बिनव्याजी, बिनतारण आणि त्याच्या नकळत घेतलेले कर्ज हा भांडवल उभारण्याचा मार्ग होऊ शकत नाही. हवे तर वसुलीखर्च पाचाचा सात रुपये करावा. तो खर्च उघड असेल, दरपत्रकात छापलेला असेल, आणि त्यावर वाद घालता येईल.

आता दुसऱ्या गळतीविषयी, जी रोज होते आणि जिच्यासाठी कुठली कंपनी बुडावी लागत नाही. विमानतळ देयक काढतो ते प्रत्यक्ष प्रवासावर. ज्याने तिकीट काढले पण जो गेलाच नाही, त्याचे यूडीएफ कंपनीने वसूल केलेले असते आणि विमानतळाला देणे लागत नाही. ते परत प्रवाशालाच जायला हवे, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परताव्याविषयीच्या नियमावलीत तसे लिहिलेलेही आहे : तिकीट रद्द केले, वापरले नाही किंवा प्रवासी वेळेवर पोहोचला नाही, तरी सर्व वैधानिक कर, यूडीएफ, विमानतळ विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत करावे, मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे, आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांपेक्षा जास्त असू नये. 2016 च्या सुधारणेने परतावा देण्यासाठी वेगळे शुल्क घेण्यासही मनाई केली. नियम चांगला आहे. मात्र सणासुदीला स्वस्तात काढलेले तिकीट वाया गेले, की ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून बहुतेक माणसे तो विषय सोडून देतात, आणि जी मागायला जातात त्यांना संकेतस्थळावरचा अर्ज, ग्राहक सेवेचा क्रमांक, तिकीट एजंटकडून काढले असल्यास एजंटकडे बोट, अशा वळणांतून जावे लागते. काही शे रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करतो? ज्याचा परतावा मागण्यावर अवलंबून आहे, तो पैसा न मागणाऱ्यांच्या संख्येवर कंपनीकडे साचत जातो.

यावर उपाय अवघड नाही. कोण चढले आणि कोण चढले नाही हे विमानाचे दार बंद होताच कंपनीच्या संगणकाला माहीत असते. त्याच नोंदीवर ती विमानतळाशी हिशेब करते. तीच नोंद वापरून, न गेलेल्या प्रवाशाची शुल्के ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आली तिथे आपोआप परत पाठवावीत, अर्जाची अट नसावी. एजंटकडून रोखीने काढलेल्या तिकिटांत खाते सापडणार नाही, तिथे ठरावीक मुदत ठेवावी, आणि मुदतीनंतर दावा न झालेली रक्कम ग्राहक कल्याण निधीत भरावी. असा निधी केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 57 खाली आधीच आहे. तो पैसा कुणाकडेही गेला तरी चालेल, पण ज्याने सेवाही दिली नाही आणि शुल्कही भरले नाही त्याच्याकडे राहू नये.

तिकिटाच्या छपाईबाबत थोडक्यात. काही परदेशी कंपन्यांच्या तिकिटांवर ‘कर’ या एकाच रकान्यात के-3 या खुणेने जीएसटी, विमानतळ शुल्क आणि वायक्यू किंवा वायआर या खुणांनी कंपनीचे स्वतःचे अधिभार शेजारी शेजारी बसवलेले असतात. वाचणाऱ्याला तिन्ही सरकारी वाटतात. आता यूडीएफ निघताना आणि उतरताना असे दोन्हीकडे लागू लागल्यामुळे कोणत्या विमानतळाचे किती, हेही कळत नाही. रकमेपुढे विमानतळाचे नाव आणि ‘प्रवास न झाल्यास परत मिळेल’ एवढे पाच शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी अशा ज्या भाषेत तिकीट निघेल त्या भाषेत छापणे सक्तीचे करावे.

हे सारे कुणी करायचे, हा प्रश्न टोलवला जाण्याची शक्यता असल्यामुळेच पत्र दोघांच्या नावे लिहिले आहे. एराचा अधिकार 2008 च्या अधिनियमाखाली मुख्यतः दर ठरवण्यापुरता आणि विमानतळावर सेवा पुरवणाऱ्यांपुरता आहे. विमान कंपन्यांवर थेट नियंत्रण आहे ते मंत्रालयाचे आणि महासंचालनालयाचे. पण दरपत्रकातील वसुलीच्या अटी एराच्या आदेशातूनच येतात. म्हणून दोन्ही बाजूंनी काम व्हावे लागेल. यूडीएफ आणि प्रवासी सेवा शुल्काचा आधार असलेले नियम 88 आणि 89 हे 1937 च्या विमान नियमांतले आहेत. 1934 चा जुना कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला आहे; त्याखाली हे नियम नव्याने मांडताना, प्रवाशाकडून वसूल झालेले प्रत्येक विमानतळ शुल्क कंपनीकडे विश्वस्त म्हणून राहील, ते वेगळ्या खात्यात ठेवले जाईल आणि तारण देता येणार नाही, असे एक कलम घालण्याची ही योग्य वेळ आहे. एराने आपल्या पुढील आदेशांत भरणा प्रवासाच्या तारखेऐवजी तिकीटविक्रीच्या महिन्याशी जोडावा, आणि कोणत्या कंपनीने कोणत्या विमानतळाचे किती वसूल केले, किती भरले व किती थकवले याचा तक्ता दर तिमाहीला संकेतस्थळावर ठेवावा. बुडालेल्या कंपनीचे थकलेले यूडीएफ पुढच्या प्रवाशांच्या दरात कोणत्याही शीर्षाखाली मिळवले जाणार नाही, हेही त्या आदेशांत लिहिलेले असावे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ येईल.

हे काम साध्या पत्राने किंवा तोंडी सूचनेने उरकू नये, अशीही विनंती आहे. 2009 मध्ये मुंबईत देशांतर्गत प्रवाशाकडून 100 आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून 600 रुपये विमानतळ विकास शुल्क घेण्यास मंत्रालयाने पत्राद्वारे मान्यता दिली होती. दिल्लीच्या आणि मुंबईच्या त्या वसुलीला एका ग्राहक संस्थेने आव्हान दिले आणि एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. विकास शुल्क हे सेवेचा मोबदला नसून कराच्या स्वरूपाची सक्तीची आकारणी आहे, तेव्हा कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाने दर ठरवल्याखेरीज ते घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. ते शुल्क यूडीएफहून वेगळे होते हे मला मान्य आहे, परंतु प्रवाशाच्या खिशातून सक्तीने निघणाऱ्या पैशाला कायद्याचे ठोस बूड लागते, एवढे त्या निकालाने निश्चित केले. जे बूड आकारणीला लागते, तेच तो पैसा जपण्यालाही लागावे.

एराच्या अधिनियमात सल्लामसलतीसाठी ज्या संबंधितांची व्याख्या आहे, तीत विमानतळचालक आणि विमान कंपन्यांबरोबर प्रवाशांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनाही आहेत. दरनिश्चितीच्या सल्लापत्रांवर या संघटनांचे म्हणणे शेवटच्या काही पानांत आटोपते, कारण शेकडो पानांचे आर्थिक तक्ते वाचून उत्तर देण्याइतका वेळ व मनुष्यबळ त्यांच्याकडे नसते. विश्वस्त निधीचा विषय तसा गुंतागुंतीचा नाही. त्यावर स्वतंत्र, वीस-पंचवीस पानांचे सल्लापत्र भारतीय भाषांतून काढावे, हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावेत, आणि मुंबई, पुणे, नागपूर व गोव्यातील मोपा यांसारख्या विमानतळांच्या शहरांत एकेक जाहीर सुनावणी ठेवावी. पुण्यातील सुनावणीत हिशेबाच्या बाजूने जे काही तपशील लागतील, ते घेऊन मी हजर राहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक व विमानप्रवासी, पुणे